जुन्या भातगिरणीत पाहुण्यांचा मुक्काम: पेण-रोह्यात आधी पाणी मोजा, मग खोली बांधा

पेण आणि रोहा तालुक्यांत अनेक गावांच्या कडेला एखादी बंद भातगिरणी दिसते. जाड भिंती, उंच छप्पर, आत गंजलेला हलर, भिंतीलगत लाइनशाफ्ट आणि पुली, मागच्या बाजूला तुसाचा ढीग. गावात मिनी राइस मिल आली, भात भरडायला तालुक्याच्या मोठ्या गिरणीत जाऊ लागले आणि ही इमारत तशीच राहिली. मुंबई-पुण्याचे पाहुणे सुट्टीला येऊ लागल्यापासून अशा गिरणीत मुक्कामाची सोय करावी, शेजारच्या ओढ्यावर छोटे चक्र बसवून वीज तयार करावी आणि महावितरणच्या तारेशिवाय सगळे चालवावे, असा विचार बरेच शेतकरी बोलून दाखवतात.

कल्पना चांगली आहे, पण आपल्या भागात ती एका गोष्टीवर तरते किंवा बुडते. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी असते, ऊन नसते. उन्हाळ्यात ऊन असते, पाणी नसते. ही बारा महिन्यांची गणिते कागदावर मांडल्याशिवाय गिरणीची एक वीटही हलवू नका. ती कशी मांडायची, ते या लेखात दिले आहे.

आपल्याकडे पाणचक्क्या का दिसत नाहीत

पाण्यावर जाते फिरवण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. छत्रपती संभाजीनगरमधील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की अठराव्या शतकातील आहे. हर्सूलच्या बाजूने जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी आणून, ते उंचावरून चक्रावर सोडून, तिथे पीठ दळले जात असे. हिमालयात अशा चक्कीला घराट म्हणतात. उत्तराखंड, हिमाचलमध्ये आजही काही घराट चालू आहेत. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: पाणी थोडे असले तरी ते वर्षभर येते.

कोकणातला ओढा तसा नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैमध्ये माणूस वाहून नेणारा वहाळ डिसेंबरात ठिबकतो आणि मार्चमध्ये कोरडा पडतो. शिवाय भात भरडायला गिऱ्हाईक येते ते कापणी-झोडणीनंतर, म्हणजे नेमके पाणी आटायच्या वेळी. त्यामुळे आपल्या पूर्वजांनी उखळ-मुसळ आणि घिरट वापरले आणि पुढे डिझेल इंजिनावरचा हलर आणला. पेण-रोह्यातली जुनी गिरणी बहुतेक वेळा इंजिनाची किंवा मोटरची गिरणी असते. तिच्या शेजारून ओढा वाहतो म्हणून ती पाणचक्की होत नाही.

याला एक मोठा अपवाद माणगाव तालुक्यात आहे. भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रात १९२७ पासून मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली उतरवून वीज तयार होते. त्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. वीज करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, डोलवहाळच्या बंधाऱ्यात अडते आणि कालव्यांनी शेतात जाते. कोलाडचे राफ्टिंग चालते तेही याच सोडलेल्या पाण्यावर. त्यामुळे कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असते. मात्र हे पाणी जलसंपदा विभागाच्या नियोजनाखाली आहे. कालव्यात किंवा नदीत परवानगीशिवाय चक्र बसवता येत नाही. नदीची पातळी अचानक वाढते, हेही पाहुण्यांना स्पष्ट सांगावे लागते.

ओढ्याची ताकद कशी मोजायची

अंदाज नको, मोजमाप करा. लागते काय? एक टेप, घड्याळ, लाकडाचा हलका तुकडा आणि गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी.

१. ओढ्याचा सरळ, एकसारख्या रुंदीचा दहा मीटरचा भाग निवडा.
२. रुंदी मोजा. चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा.
३. लाकडाचा तुकडा सोडून दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाहा. पाच वेळा करून सरासरी घ्या.
४. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करा. तळाला दगड असल्याने खालचे पाणी हळू जाते, म्हणून आलेल्या उत्तराला ०.७ ने गुणा.

उदाहरणार्थ, रुंदी १.२ मीटर, खोली ०.१ मीटर आणि दहा मीटरला २७ सेकंद, म्हणजे वेग सुमारे ०.३७ मीटर प्रतिसेकंद. प्रवाह आला सेकंदाला साधारण ३१ लिटर. यातले सगळे पाणी वळवू नका. खालच्या शेतकऱ्यासाठी आणि ओढ्यातल्या जीवांसाठी किमान एक तृतीयांश वाहते ठेवा. म्हणजे हाताशी राहिले २० लिटर.

आता पाणी जिथून घेणार आणि जिथे चक्रावर पडणार, त्यातल्या उंचीचा फरक लेव्हल नळीने मोजा. समजा तो ४ मीटर आला. छोट्या संचासाठी सोपा ठोकताळा असा: प्रवाह (लिटर प्रतिसेकंद) गुणिले उंची (मीटर) गुणिले ५ बरोबर वॅट. म्हणजे २० × ४ × ५ = ४०० वॅट. हा संच दिवसरात्र चालला तर २४ तासांत ९.६ युनिट होतात.

४०० वॅट ऐकायला कमी वाटते. दहा अश्वशक्तीचा हलर याच उंचीवर चालवायचा तर सेकंदाला सुमारे ३७५ लिटर पाणी लागेल. म्हणून ओढ्यावर गिरणी पुन्हा चालवण्याचे स्वप्न सोडा. पण दोन खोल्यांचे दिवे-पंखे पावसाळ्यात चालवायला ४०० वॅट भरपूर आहेत.

हे मोजमाप एकदा करून भागत नाही. जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबरअखेर, डिसेंबर आणि फेब्रुवारी अशा पाच वेळा करा. एक पूर्ण वर्ष मोजा आणि मगच चक्राचा खर्च ठरवा.

दोन खोल्यांना रोज किती वीज लागते

एका साध्या मुक्कामाचा रोजचा भार असा धरा:

- नऊ वॅटचे ६ एलईडी दिवे, ५ तास: ०.२७ युनिट
- तीस वॅटचे २ बीएलडीसी पंखे, १० तास: ०.६० युनिट
- मोबाइल चार्जिंग: ०.१२ युनिट
- छोटा फ्रीज: सुमारे १ युनिट
- अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, १ तास: सुमारे ०.५० युनिट
- राउटर, दिवसभर: ०.२४ युनिट

बेरीज झाली २.७३ युनिट. तारा, बॅटरी आणि इन्व्हर्टरमधील गळती धरून रोज साधारण ३.४ युनिट तयार व्हायला हवेत. एसी आणि विजेचा गीझर या हिशेबात बसत नाही. दीड टनाचा एसी तासाला एक युनिटाहून अधिक खातो, म्हणजे एका रात्रीत तुमचा दोन-तीन दिवसांचा साठा संपेल. आंघोळीच्या पाण्यासाठी बंब किंवा सौर वॉटर हीटर ठेवा.

आपल्या भागात एक किलोवॅटचे सौर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट देते. जुलै-ऑगस्टच्या सलग ढगाळ दिवसांत ते निम्म्यावर किंवा त्याखाली येते. आता वर्षाचे चित्र पाहा:

- जुलै ते सप्टेंबर: सौर अपुरे, ओढा भरपूर. चक्रावर चालते.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: ओढा उतरतो, ऊन वाढते. दोन्ही मिळून भागते.
- डिसेंबर ते मे: ओढा जवळजवळ बंद, ऊन पूर्ण. सौरवर चालते.
- जूनचा पूर्वार्ध: आभाळ भरलेले, पण जमीन अजून पाणी पीत असते, ओढा नीट वाहत नाही. दोन्हीकडून ओढाताण.

जूनचा हा पंधरवडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो भरून काढायला मोठी बॅटरी घेणे महाग पडते. त्यापेक्षा ७ जूनपासून महिनाअखेरपर्यंत मुक्काम बंद ठेवा. तसेही ते दिवस भाताच्या रोपवाटिकेचे आणि पेरणीचे असतात. तुमचे दोन्ही हात तेव्हा शेतात हवेत.

बॅटरी दोन दिवसांच्या भाराइतकी, म्हणजे सुमारे ७ युनिट वापरता येतील एवढी घ्या. लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरायची धरली तर ४८ व्होल्ट, २०० अॅम्पिअर-अवर पुरते. ती तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नका. दमट हवा, उंदीर आणि पूर हे तिन्ही तिचे शत्रू आहेत.

चक्राच्या बाबतीत तीन गोष्टी विसरू नका. पाणी घेण्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी लावा, नाहीतर पहिल्या मुसळधार पावसातच पालापाचोळा आणि गोटे आत जातील. त्याआधी गाळ बसायला छोटी टाकी बांधा. आणि जादा वीज जिरवणारा लोड कंट्रोलर बसवा. पाहुणे झोपले, दिवे बंद झाले की चक्र मोकळे सुटते आणि व्होल्टेज चढते. हा नियंत्रक ती वीज पाणी तापवण्याच्या कॉइलकडे वळवतो.

पॅनलच्या सांगाड्याबाबत काटकसर करू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात घरांचे पत्रे, विजेचे खांब आणि बागा किती आडव्या केल्या ते आपण पाहिले आहे. पॅनल छपराच्या पत्र्याला नव्हे, खालच्या कैच्यांना किंवा जमिनीतल्या काँक्रीटच्या पायाला बांधा.

पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या घरगुती संचासाठी आहे. तारेशिवायच्या संचाला ते धरून खर्च मांडू नका. शेतीसाठी अनुदानावर मिळालेला सौर पंपही पाहुण्यांच्या खोल्यांना जोडू नका.

गिरणीला आधीची थ्री-फेज जोडणी असेल तर तीही पाहा. थकबाकी किती आहे, वर्गवारी कोणती आहे, आकार दरमहा चढतो आहे का, हे तपासा. खांब दारातच असेल तर छोटी जोडणी योग्य वर्गवारीत ठेवणे बॅटरी वाढवण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. तारेशिवाय राहण्याचा खरा फायदा डोंगराकडच्या, खांबापासून लांब असलेल्या जागेला मिळतो.

इमारत: काय ठेवायचे, काय काढायचे

गिरणीची इमारत माणसांनी राहण्यासाठी बांधलेली नसते. तिची तपासणी या क्रमाने करा.

*छप्पर.* पत्रे सिमेंटचे असतील तर जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. ते कापू, घासू किंवा फोडू नका. पाणी मारून, अखंड उतरवून, घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या. गोठ्यावर पुन्हा वापरू नका. लोखंडी पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये झोपणे अशक्य असते. मंगलोरी कौले, किंवा पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून लाकडी अथवा बांबूची तक्तपोशी हा चांगला उपाय आहे.

*जमीन.* इंजिनाखालची फरशी वर्षानुवर्षे डिझेल आणि वंगण प्यालेली असते. वरून टाइल लावली तरी वास जात नाही. तेवढा भाग खोदून काढा, नवा मुरूम आणि कोबा करा. ही माती ओढ्यात टाकू नका.

*भिंती.* जांभा किंवा दगडाच्या जुन्या चुन्यातल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा ओल कोंडतो. चुन्याचाच गिलावा करा. वाळवी लागलेली कैची रंगाने झाकू नका, बदला.

*तूस आणि उंदीर.* तुसाचा ढीग पूर्ण हलवा. उंदीर आले की पाठोपाठ नाग आणि घोणस येतात. ढीग गेल्यावर भिंतीतली बिळे बुजवा. तूस वाया जात नाही. ते खतात, रोपवाटिकेत किंवा कोंबड्यांच्या गादीला वापरता येते.

*यंत्रे.* हलर, पुली आणि लाइनशाफ्ट भंगारात घालू नका. स्कॉटलंडमधील टँगी मिल ही जुनी पाणचक्की लँडमार्क ट्रस्ट या संस्थेने मुक्कामासाठी देताना आतली यंत्रसामग्री जपून ठेवली आहे. पाहुणे येतात ते गिरणीत राहायला. यंत्र काढले तर उरते ते साधे गोदाम. मात्र पट्टे उतरवा, फिरणारे भाग जागीच पक्के करा आणि मुलांचे हात जाणार नाहीत अशी जाळी लावा.

पिण्याचे पाणी आणि सांडपाणी

वीज गेली तर पाहुणा कंदिलावर रात्र काढतो. पाणी संपले तर सकाळी निघून जातो. म्हणून पाण्याचा हिशेब विजेच्या आधी करा.

दोन खोल्यांत चार पाहुणे, माणशी १०० लिटर, म्हणजे रोज ४०० लिटर. डिसेंबर ते मे महिन्याला २० रात्री धरल्या तर १२० रात्रींना ४८,००० लिटर लागतात. आता छपराकडे पाहा. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिमी पावसातले ८० टक्के पाणी धरले तरी २ लाख ४० हजार लिटर मिळते. म्हणजे ५०,००० लिटरची एक झाकलेली फेरोसिमेंट टाकी पूर्ण उन्हाळा काढू शकते. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी सोडून द्या, गाळणी लावा आणि पिण्याआधी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. गावाच्या नळयोजनेवर किंवा मार्चमध्ये तळ गाठणाऱ्या सामायिक विहिरीवर पाहुण्यांचा भार टाकलात, तर पहिले भांडण शेजाऱ्यांशी होईल आणि ते योग्यच असेल.

शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. भातखाचराशेजारी जुलैमध्ये भूजल वरपर्यंत येते आणि खड्डा उलटा भरतो. अशा जागी सेप्टिक टाकीनंतर जमिनीपेक्षा उंच गादीवाफा करून त्यात कर्दळ आणि केळी लावा.

जागा सुरक्षित आहे का

गिरण्या ओढ्याकाठी, सखल जागी बांधल्या गेल्या. रात्री माणसे झोपणार असतील तर हीच जागा धोक्याची ठरते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि रोहा तालुक्यातील नागोठणे येथे हाहाकार उडवला. गावातल्या जुन्या माणसांना त्या वर्षीचे पाणी कुठवर आले ते विचारा आणि भिंतीवर खूण करा. झोपण्याची जागा त्या खुणेच्या वर हवी. जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा आखलेली असेल तर ती पाहा. निळ्या रेषेच्या आत मुक्कामाची सोय करू नका.

डोंगराच्या पायथ्याशी असाल तर दरडीचा विचार करा. २०२१ मध्ये महाडजवळ तळिये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी येथे जे घडले ते रात्रीत किंवा मुसळधार पावसात घडले. वरच्या उतारावर नव्या भेगा, तिरके झालेले झाड किंवा अचानक गढूळ झालेला झरा दिसला तर खोली रिकामी करा. लाल इशाऱ्याच्या दिवसांचे आरक्षण रद्द करून पैसे परत द्यायचे, हा नियम आधीच ठरवा.

पेणच्या खारेपाटात, धरमतर खाडीकडे किंवा कुंडलिकेच्या खाडीकाठी गिरणी असेल तर २०१९ ची सागरी किनारा नियमन अधिसूचना लागू होते का ते तपासा.

कागदपत्रे

- सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर गिरणीच्या जागेची नोंद कशी आहे? बिनशेती आदेश औद्योगिक कारणासाठी असेल तर मुक्कामासाठी वापर बदलायलाही जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खाली परवानगीचा प्रश्न येतो. तहसील कार्यालयात लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या.
- इमारत भावंडांच्या सामायिक नावावर असेल तर खर्चाआधी संमतिपत्र करा.
- राज्याचे कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० मध्ये आले. शेतकरी वैयक्तिकरीत्या पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करू शकतो. त्यासाठी किमान एक एकर शेती लागते. सध्याचे शुल्क आणि अटी संचालनालयाच्या कोकण विभागाच्या कार्यालयातून घ्या.
- जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी, ग्रामपंचायतीचा दाखला, अग्निशामक साधने आणि पाहुण्यांची ओळखपत्रांसह नोंदवही आवश्यक.
- ओढ्याचे पाणी वळवण्यापूर्वी ग्रामपंचायत आणि जलसंपदा विभाग या दोघांना विचारा.

पाहुणा पिकाच्या वेळापत्रकात बसवा

पाहुण्याला दाखवायला तुमच्याकडे वर्षभर काहीतरी असते. जुलैमध्ये लावणी. ऑक्टोबरात हळव्या भाताची कापणी, नोव्हेंबरात गरव्याची. त्यानंतर खाचरातल्या ओलीवर वाल. डिसेंबर ते फेब्रुवारी वालाच्या ओल्या शेंगा आणि भांबुर्ड्याच्या पाल्यातली पोपटी, हा तर आपल्या भागाचा खास हंगाम. कालव्याखाली उन्हाळी भात. एप्रिल-मेमध्ये आंबा, करवंद, जांभूळ.

लावणीत पाहुण्यांना चिखलात उतरवताना एक काळजी घ्या. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. पायाला जखम असलेल्याला खाचरात उतरू देऊ नका, बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुवायला लावा आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना खाचरात उतरल्याचे सांगायला सांगा. हे घरच्या मजुरांनाही तितकेच लागू आहे.

पाहुण्यांमुळे भाताला गिऱ्हाईक घरात येते, हा सर्वांत मोठा फायदा. जुना हलर तांदूळ जास्त मोडतो. रबर रोल शेलरवर, कमी पॉलिश करून, पाच किलोच्या पिशवीत दिलेला तांदूळ पाहुणा बाजारापेक्षा चांगल्या भावाने नेतो. सोबत सुके वाल, पोहे, पापड. पाहुणे आले नाहीत तरी हे धान्य विकता येते. पीक बदल आणि वाण निवडीसाठी रोह्याच्या किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्राशी आणि कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राशी बोला. खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या वाणांची माहिती घ्यावी.

पैशांचा हिशेब आणि घरातल्या बाईचे श्रम

हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, तुमचे स्वतः मांडा. दोन खोल्या, प्रत्येकी वर्षाला ८० रात्री, एका खोलीचे जेवणासह २,५०० रुपये. वर्षाची जमा ४ लाख. धान्य, गॅस, धुलाई, डागडुजी आणि मदतनीस यांना ४५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार गेले. उरले २ लाख २० हजार. दुरुस्ती, सौर संच, चक्र आणि टाकी मिळून १२ लाख खर्च आला असेल तर व्याज न धरता साडेपाच वर्षे लागतात. रात्री ८० ऐवजी ४० झाल्या तर अकरा. चाळीस रात्रींवरही तुमचा हप्ता जातो का, ते पाहूनच कर्ज घ्या. भातखाचर तारण ठेवू नका.

या हिशेबात एक ओळ बहुतेक घरांत लिहिलीच जात नाही. शनिवार-रविवारी चार पाहुण्यांचा चहा, नाश्ता, दोन वेळचे जेवण, चादरी कोण करणार? घरातली बाई, जी शुक्रवारपर्यंत लावणीत वाकलेली होती. तिच्या कामाची मजुरी खर्चात धरा, बँक खात्यावर तिचे नाव घाला आणि लावणी-कापणीच्या आठवड्यांत मुक्काम बंद ठेवायचा अधिकार तिला द्या. तिची मजुरी धरल्यावर धंदा तोट्यात जात असेल, तर तो मुळातच तोट्याचा आहे.

जमिनीबाबतही सावध राहा. मुंबई जवळ आल्यापासून आपल्या तालुक्यांत जमिनीला मागणी वाढली आहे. २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सेझसाठी जमीन द्यायची का, यावर शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला, एवढा हा प्रश्न तापला होता. गिरणी ‘चालवायला घेतो’ म्हणून येणाऱ्याचा करार लांब मुदतीचा असतो आणि कधी कधी त्यात शेजारचे खाचर, रस्ता आणि विहीरही लिहिलेली असते. सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या.

विस्तार कार्यकर्त्यांनी सुचवायचा क्रम

१. पहिले वर्ष: ओढ्याचे पाच वेळा मोजमाप, पुराची खूण, सातबारा व बिनशेती आदेशाची तपासणी. खर्च जवळजवळ शून्य.
२. त्याच वर्षी: तूस हलवणे, छप्पर आणि पन्हळी दुरुस्ती, पाण्याची टाकी. मुक्काम झाला नाही तरी ही टाकी वाल-भाजीला उपयोगी पडते.
३. दुसरा हिवाळा: एक किलोवॅट सौर, एक खोली, पोपटीच्या हंगामात ओळखीचे पाहुणे. रोज किती वीज आणि पाणी लागले ते वहीत लिहा.
४. वहीतले आकडे जमले तरच दुसरी खोली.
५. चक्र सगळ्यात शेवटी, आणि तेही पावसाळी पाहुणे येत असतील तरच. जुलै-ऑगस्टमध्ये मुक्काम बंद ठेवणार असाल तर चक्राचा खर्च करूच नका, सौर पुरेसे आहे.

प्रत्येक पायरीवर थांबता येईल, असा हा क्रम आहे. कोणत्याही टप्प्यावर काम सोडले तरी शेतकऱ्याच्या हाती कोरडे छप्पर, भरलेली टाकी आणि मोकळा सातबारा राहिला पाहिजे.